खालच्या खणातलं रक्त

१

लॅबवाल्याने डीप फ्रीजरचं दार उघडलं, थंड वाफ तोंडावर आली आणि खालचा खण रिकामा दिसला. त्याने दार लावलं आणि पुन्हा उघडलं. दुसऱ्यांदा उघडल्यावर पेटी तिथे असेल असं त्याला का वाटलं, कोण जाणे. ती नव्हतीच. वरच्या खणातली पेटी मात्र अंगावर पांढरा थर घेऊन जागच्या जागी बसली होती.

बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेचा माणूस दोन्ही पेट्या न्यायला येऊन बसला होता. त्याला चहा पाजून, हात जोडून परत पाठवलं, आणि अधीक्षकांनी चौकशीबाईंना बोलावणं धाडलं.

चौकशीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. इस्पितळात औषधं गहाळ झाली, कुणी कुणावर हात उचलला, मेलेल्या माणसाची अंगठी सापडेना, की चौकशी त्यांच्याकडे. या कामात केस पिकले होते. सुरुवातीला एखादा चोर रडला की त्यांनाही भरून यायचं. आता कुणी रडलं की त्या पाण्याचा पेला पुढे सरकवत आणि पुढचा प्रश्न विचारत.

"रक्त चोरीला गेलंय," अधीक्षक म्हणाले.

"कुणाचं?"

"त्या दुखणेकऱ्यांचं हो. ज्यांचं डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग दुखतं, वर्षानुवर्षं, आणि फोटो काढला तर काही दिसत नाही. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या रक्तात सूज शोधून काढली. म्हणजे सुजेच्या खुणा. वरची पेटी धडधाकट माणसांची, खालची यांची. आज फेरतपासणीला जायच्या होत्या."

"माझी थोरली बहीण आहे त्यात," चौकशीबाई म्हणाल्या. "हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "दुसरं आहे कोण माझ्याकडे? आणि बहीण असली तर बरंच की. पेटी मिळावी असं तुम्हाला मनापासून वाटेल. त्यांना सगळ्यांना मी दाखले दिलेत, रक्तात सूज आहे म्हणून. उद्या हे सगळं खोटं निघालं तर दाखले मागे घ्यावे लागतील. सगळ्यांचे."

चौकशीबाईंनी मान हलवली. ताईचा दाखला घरी कपाटात होता. ताई पार्सलच्या कचेरीत दिवसभर उभी राहून पार्सलं निवडायची. बसून करायचं हलकं काम मिळावं म्हणून तिने अर्ज केला होता. गुरुवारी तिला साहेबांपुढे उभं राहायचं होतं आणि तिच्या हातात तो एकच दाखला होता.

फ्रीजरचं कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या तिघांकडे होत्या: मोठे डॉक्टर, लॅबवाला आणि दुखणेकऱ्यांच्या दवाखान्यातली सिस्टर. म्हणजे जो कुणी आला तो किल्ली घेऊन आला, दोन पेट्या पाहिल्या, आणि निवडून एकच उचलली.

२

मोठ्या डॉक्टरांना चोरीपेक्षा चोरीची वेळ जास्त झोंबली होती.

"आजच? आजच बरी गेली पेटी! लोक काय म्हणतील? डॉक्टरनेच दडवली म्हणतील."

"दडवली का?"

"बाई!" ते उठून उभे राहिले आणि परत बसले. "या माणसांना आम्ही आजवर काय सांगत आलो, ठाऊक आहे? मनाला लावून घेऊ नका, फिरायला जात जा. माझ्या वडिलांच्या काळापासून हेच. मी पहिल्यांदा त्यांच्या हातात काहीतरी ठेवलं. मी कशाला दडवू?"

"काय ठेवलं ते मला समजेल असं सांगा."

डॉक्टरांना सांगायला आवडायचं. ते टेबलावर पुढे झुकले. "रक्तात सुजेच्या दोन खुणा आम्ही पाहिल्या. पहिली सीआरपी. ती यकृतात तयार होते. ती धडधाकटांत आणि यांच्यात सारखीच निघाली. मी निराशच झालो होतो. दुसरी इंटरल्यूकिन. ती रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडतात. ती यांच्यात दुप्पट, तिप्पट! आणि आणखी एक गंमत. यांची साखर कमी. उपाशी माणसाची असते त्याहूनही कमी. मी म्हणतो, आत कुठेतरी सतत जाळ आहे आणि तो साखर खातो आहे."

"हे सगळं एकाच रक्तातून पाहिलं?"

"एकाच ट्यूबमधून. साखरेसाठी एरवी औषध घातलेली वेगळी ट्यूब लागते, पण सिस्टर म्हणाली, दंडाला पट्टा आवळला तरी ही माणसं कळवळतात. दुसरी ट्यूब भरेपर्यंत त्यांचे हाल कशाला? मलाही पटलं."

फेरतपासणी मागितली होती आकडेवाल्याने. हा किडकिडीत तरुण गृहस्थ पलीकडच्या खोलीत संगणकापुढे पेन्सिल चावत बसायचा. डॉक्टर त्याच्याशी बोलत नव्हते.

"माझ्यावर संशय आहे ना?" चौकशीबाई आत आल्या आल्या त्याने विचारलं. "असू द्या. घरी बायकोचाही असतो."

"पेटी गेली याचं तुम्हाला वाईट वाटलं?"

"मला झोप लागणार नाही असं वाटलं. मग लागली." त्याने पेन्सिल ठेवली. "बाई, डॉक्टर खोटं बोलत नाहीत. पण आकडे मला पटत नाहीत. ज्याला सगळ्यांत जास्त दुखतं त्याचा आकडा सगळ्यांत मोठा हवा की नको? इथे काही मेळच नाही. काहीजणांचा तर अगदी धडधाकट माणसासारखा. डॉक्टर म्हणाले, हे खरे रुग्ण नव्हेत, यांना काढून टाका. काढल्यावर चित्र काय सुंदर दिसायला लागलं! तेव्हाच मी म्हटलं, दुसऱ्याकडून तपासून घेऊ."

"काढून टाकलेल्यांत कोण होतं?"

"एक शिंपीकाका होते. फार भला माणूस. त्यांच्या तोंडावर सांगितलं, तुमच्या रक्तात काही नाही. परत आलेच नाहीत ते."

"आणि माझी ताई? पार्सल कचेरीतली?"

आकडेवाल्याने पडद्यावर पाहिलं आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. "त्या तुमच्या ताई होय? त्यांचा आकडा सगळ्यांत वर आहे."

३

लॅब तळघरात होती. लिफ्ट वरून येऊन तळमजल्यावरच थांबायची. तिथून खाली अरुंद जिना. चौकशीबाई उतरल्या तेव्हा लॅबवाला लोकरीची टोपी घालून फ्रीजरपाशी बसला होता, मेलेल्याच्या उशाशी बसावं तसा.

"या मॅडम. मला अटक करायची तर टोपीसकट करा, डोकं गार पडतं."

"पेटी शेवटची कधी पाहिली?"

"शनिवारी. कुलूप लावलं, किल्ली खिशात. खिसा विजारीला, विजार अंगाला. बायको म्हणते एवढं तरी सांभाळतोस."

"तुझ्याकडून काही चुकलं होतं? फेरतपासणीत बाहेर येईल असं?"

टोपीखालचा चेहरा गंभीर झाला. "मॅडम, मी बडबड्या आहे, पण कामात नाही. ट्यूब हातात आली की मी यंत्रात घालून फिरवतो. वरचं पाणी वेगळं काढतो, कुपीत भरतो, कुपी फ्रीजरमध्ये. माझ्या टेबलावर रक्त ताटकळत नाही. धडधाकट माणसं इथेच माझ्यासमोर बसायची. ऑफिसातले, पहारेकरी, स्वयंपाकघरातले. एक आला, रक्त दिलं, फिरवलं. दुसरा आला, फिरवलं. पहारेकरी तर सुई बघून चक्कर येऊन पडला, त्याला उचलायच्या आधी मी त्याचं रक्त फिरवलं."

"आणि दुखणेकरी?"

"ती माणसं हा जिना कशी उतरणार? त्यांचं रक्त वर तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दवाखान्यातच घ्यायचे. सिस्टर ट्रे घेऊन यायची, की लगेच फिरवायचो."

"शनिवारनंतर इथे कुणी आलं?"

"रविवारी लॅब बंद. पण आज सकाळी आलो तर जमिनीवर पाणी होतं, फ्रीजरसमोर. वाळायला आलेलं. म्हणजे दार बराच वेळ उघडं राहिलं होतं. चोराला घाई नव्हती, मॅडम. माझ्यासारखा असता तर उचलली पेटी आणि धूम! हा इथे उभा राहिला असणार. बहुतेक विचार करत."

चौकशीबाई जिना चढून वर आल्या. वर येईपर्यंत त्यांनाही धाप लागली. चोरी करायला येऊन दार उघडं टाकून कोण विचार करत उभं राहतं, हे त्यांना कळेना.

४

घरी ताई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. पाठीमागे दोन उशा, गुडघ्याखाली एक.

"धाकटे, दिवा नको लावूस. डोळ्यांतसुद्धा दुखतंय."

चौकशीबाई अंधारातच खुर्चीवर बसल्या. दोघी बहिणी नवऱ्यांच्या पश्चात एकत्र राहत होत्या. ताईचं दुखणं त्याच्याही आधीचं. इतकी वर्षं चौकशीबाईंनी तिला गरम पाण्याची पिशवी दिली, औषधं दिली, पाय चेपून दिले, आणि मनात एक कप्पा बंद ठेवला. त्या कप्प्यात होतं, की ताई थोडं वाढवून सांगते. दाखला आला त्या दिवशी त्यांनी तो कप्पा उघडून पाहिला. आत काहीच उरलं नव्हतं. आनंदही झाला नाही. नुसतं, बरं, असं वाटलं.

"ताई, रक्त द्यायला गेलीस तो दिवस आठवून सांग."

"चौकशी करतेस होय माझी? विचार बाई. मी पहिली. नेहमी पहिलीच असते, मला कुठे झोप लागते! दवाखान्याचं दार उघडायच्या आधी मी बाकावर. सिस्टरने हात ऊबदार कापडात गुंडाळला, मग हळूच सुई घातली. देवमाणूस आहे ती. बाकीचे रक्त काढतात की विहिरीतून पाणी उपसतात, कळत नाही."

"मग?"

"मग मला जरा गरगरलं. उपाशी ना. तिने बोट टोचून लगेच साखर बघितली त्या छोट्या मशीनवर. म्हणाली, साखर उत्तम आहे ताई, नुसता थकवा आहे. मला खिडकीशी बसवलं. बाकीचे येतील तसे रक्त देत होते. मी तिथेच डुलक्या घेत होते."

"साखर उत्तम म्हणाली?"

"हो. आणि मग रिपोर्टात कमी आली. डॉक्टर म्हणाले हीसुद्धा आजाराचीच खूण. मी म्हटलं असेल. एकाच सकाळी उत्तमही आणि कमीही. माझं सगळंच तसलं." ताई हसली आणि हसता हसता तिने बरगडी धरली. "गुरुवारी काय नेसू गं? फार चांगली दिसले तर म्हणतील हिला काय धाड भरलीय. फार वाईट दिसले तर म्हणतील सोंग."

चौकशीबाई साखरेवरच अडकल्या होत्या. एकाच सकाळी, एकाच माणसाची साखर दोन तऱ्हेची. बोटातलं रक्त तिथल्या तिथे तपासलं, ती साखर बरोबर. ट्यूबमधली कमी. ताईच्या अंगातली साखर गेली नव्हती. मग ट्यूबमध्ये साखर खाणारं कोण होतं?

५

शिंपीकाकांचं दुकान एका बोळाच्या तोंडाशी होतं. मंगळवारी सकाळी चौकशीबाई गेल्या तेव्हा ते उभे राहून काज करत होते आणि मशीनवर कापड टाकून ठेवलेलं होतं.

"मशीन बंद का?"

"पाय चालत नाही पायट्यावर. इस्पितळातून आलात? रक्त चांगलं आहे म्हणून सांगितलंय मला तुमच्या डॉक्टरांनी. चांगल्या रक्ताचं आता काय करू?"

"काका, मी डॉक्टर नाही. चोरी शोधते. रक्त दिलंत तेव्हा तुमचा नंबर कितवा होता?"

"शेवटचा. तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा शेवटचा. दुकान उघडून, गिऱ्हाईकांचे कपडे देऊन मग येणार ना. सिस्टर म्हणायची, काका, तुमच्यासाठी अडलंय सगळं. मी रक्त दिलं की ती उठायचीच. स्टँडमधल्या ट्यूबा ट्रेमध्ये भरायच्या, त्यात माझी गरम गरम ठेवायची, आणि निघायची खाली."

चौकशीबाईंच्या हातात दुकानातलं एक रिकामं रीळ होतं. कधी उचललं ते त्यांना आठवेना. त्यांनी ते जागेवर ठेवलं.

"ट्यूबा तोवर स्टँडमध्येच असायच्या? सगळ्यांच्या?"

"हो. खिडकीशी, रांगेत. का हो?"

"सहज."

"घरी आलो," शिंपीकाका सुईकडे बघत म्हणाले, "मुलाला सांगितलं रक्तात काही नाही. तो म्हणाला, बघा बाबा, मी म्हणत नव्हतो? वाईट मनाने नाही म्हणाला तो. सुनेने त्या दिवसापासून पाणी तापवून द्यायचं बंद केलं. तिचंही बरोबर आहे. तिला तरी किती कामं."

बोळातून बाहेर येऊन चौकशीबाई रस्त्याच्या कडेला थांबल्या. समोरून माणसं जात होती. त्यांना सगळं समजलं होतं. रक्त अंगातून काढलं तरी लगेच मरत नाही. त्यातल्या पेशी ट्यूबमध्येही जगतात, साखर खातात. साखर संपत जाते; म्हणूनच तर साखरेच्या ट्यूबमध्ये एरवी औषध घालतात. पांढऱ्या पेशी सुजेची ती दुसरी खूण सोडत राहतात. जेवढी ट्यूब थांबेल तेवढी साखर खाली आणि खूण वर. यकृतातली खूण मात्र वाढत नाही, कारण ट्यूबमध्ये यकृत नसतं. ताई पहिली, म्हणून तिचा आकडा सगळ्यांत मोठा. काका शेवटचे, म्हणून ते धडधाकट. आणि खरे धडधाकट लॅबमध्येच रक्त देत होते, त्यांच्या रक्ताला थांबावंच लागलं नाही.

डॉक्टरांनी दुखणं मोजलं नव्हतं. ट्यूब किती ताटकळली ते मोजलं होतं.

पेटी कुणी नेली हेही आता उघड होतं. पण सिस्टरसारखी बाई, पट्टा आवळला तरी रुग्णाला दुखतं म्हणून जीव टाकणारी, ती एकेक ट्यूब तेव्हाच्या तेव्हा खाली का नेत नव्हती?

६

उत्तर त्यांना दुपारी जिन्यात दिसलं.

सिस्टर दवाखान्याची रोजची सॅम्पलं घेऊन खाली निघाली होती. लिफ्टमधून बाहेर आली, इकडेतिकडे पाहिलं. चौकशीबाई खांबाआड होत्या. सिस्टरने ट्रे एका हाताने छातीशी धरला, दुसरा हात भिंतीला लावला आणि पाऊल खाली टाकलं. मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर आणलं. थांबली. डोळे मिटले. पुन्हा एक पायरी. मधेच खालून लॅबवाल्याचा आवाज आला तेव्हा तिने झटकन खिशातून फोन काढला आणि तो बघत उभी राहिली, जणू फोन बघण्यासाठीच थांबली होती. आवाज गेला. फोन खिशात. पुढची पायरी.

चौकशीबाईंनी जन्मभर सोंगं पाहिली होती. दुखत नसताना दुखतंय म्हणणारी. हे उलटं सोंग त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्या सगळा जिना संपेपर्यंत बघत राहिल्या.

ट्रे देऊन सिस्टर वर आली तेव्हा शेवटच्या पायरीवर चौकशीबाई बसलेल्या होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "कुणी नाही इथे."

सिस्टर बसली. बसताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो चौकशीबाईंनी रोज घरी ऐकलेला होता.

"कधीपासून?"

"धाकट्या लेकीच्या वेळेपासून. ती आता कॉलेजात आहे."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"आमच्यातल्या एकीने सांगितलं होतं. तिला कपडे मोजायला बसवलं, गोदामात. मग वर्षाने घरीच बसवलं." सिस्टरने गुडघ्यांवर हात ठेवले. "मला माणसांत काम करायचं होतं, बाई. एकदा खाली उतरायचं मला जमायचं. दहादा नाही. म्हणून सगळ्यांचं झालं की एकदम न्यायचे. रक्तच ते, थांबलं थोडं तर काय होतं, असं वाटलं. आकडेवाल्या साहेबांनी एक दिवस सहज म्हटलं, बाहेरचे लोक आधी साखर बघतील, सॅम्पल ताजं होतं का ते त्यावरून कळतं. तेव्हा कळलं, ट्यूबा ताटकळल्या ते बाहेर येणार."

"म्हणून रविवारी आलात."

"तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. म्हटलं, ही पेटी गेली तर गेली. डॉक्टरांचं म्हणणं तसंच राहील. दाखले राहतील. बाई, तुम्ही त्यांची तोंडं बघितली नाहीत. दाखला हातात घेऊन एक आजी माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, आता सुनेला दाखवते."

"एक शिंपीकाकाही होते."

सिस्टरने आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हो. त्यांची ट्यूब नेहमी ऊन असायची हातात."

"पेटी कुठे आहे?"

"वरच. गुडघ्यांना लावायच्या बर्फाच्या पिशव्या ठेवतो त्या फ्रीजमध्ये, तळाला. फेकवेना मला. एवढ्या दुखऱ्या हातांतून काढलेलं रक्त." तिने पहिल्यांदा चौकशीबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "मी सगळं कबूल करते. लेखी देते. फक्त गुरुवार जाऊ द्या. तुमच्या ताई मला सगळं सांगतात. गुरुवारी त्यांना दाखला दाखवायचाय. शुक्रवारी तुम्ही काय हवं ते करा माझं."

चौकशीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर हाताच्या उंचीला एक काळपट पट्टा वरपासून खालपर्यंत गेला होता. रंग उडून गेला होता तिथला. किती वर्षांचा असेल.

दोन दिवस. कुणालाही कळलं नसतं. अधीक्षकांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली होती.

"ताईचा दाखला ट्यूबला मिळालाय," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला नाही. आणि काकांच्या घरी रोज गार पाणी आहे."

सिस्टरने मान खाली घातली. चौकशीबाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. ती त्यांनी नेहमीसारखी पुढे केली. पण पुढचा प्रश्न विचारायला त्यांना जमलं नाही. त्यांनी नुसता हात धरून सिस्टरला उठवलं.

७

अधीक्षकांनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ कपाळ चोळलं. मोठे डॉक्टर आले. त्यांनी दोनदा "शक्य नाही" म्हटलं आणि तिसऱ्यांदा म्हणता म्हणता थांबले.

"माझ्या आकड्यांत हे दिसायला हवं होतं," आकडेवाला म्हणाला. "साखर कमी दिसली तेव्हाच."

"मला दिसली होती ना," डॉक्टर म्हणाले. "मी त्याला जाळ म्हटलं."

दाखले त्याच संध्याकाळी मागे घेतले गेले. सिस्टरला चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसवलं. अहवालात चौकशीबाईंनी तिच्या दुखण्याबद्दल लिहिलं, तळघरापर्यंत लिफ्ट नाही हेही लिहिलं, आणि तिला रुग्णांजवळच बसून करायचं काम द्यावं असंही. मानणं न मानणं वरच्यांच्या हातात. डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून रक्त घेणार होते, शिंपीकाकांसकट. या वेळी प्रत्येक ट्यूब घेऊन एक माणूस खाली पळणार होता.

"मग निघेल का सूज?" चौकशीबाईंनी त्यांना विचारलं.

"थोडी निघेल. कदाचित नाही निघणार. मला आता ठाऊक नाही." डॉक्टर एकदम म्हातारे दिसत होते. "दुखतंय हे तर मला आधीही ठाऊक होतं."

ताईला सांगताना चौकशीबाई दारातच उभ्या राहिल्या. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग कपाटाकडे बोट केलं. "ने तो. तुझ्याच हाताने परत दे. माझा रक्ताचा आकडा म्हणजे मी लवकर पोचले त्याचं बक्षीस होतं म्हण की." ती हसली नाही. कूस बदलली. त्याला बराच वेळ लागला.

गुरुवारी पार्सल कचेरीत तीन साहेब टेबलामागे बसले होते. ताईला खुर्ची दिली नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही. चौकशीबाई मागे दाराशी उभ्या होत्या.

"अर्जात लिहिलंय, रक्ताचा दाखला जोडलाय. कुठे आहे?"

"मागे घेतला इस्पितळाने," ताई म्हणाली. "रक्तात काही नाही माझ्या."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग काय बघून आम्ही हलकं काम द्यायचं?"

दाराशी उभ्या असलेल्या चौकशीबाई पुढे आल्या आणि भिंतीजवळची एक खुर्ची उचलून त्यांनी ताईच्या मागे ठेवली.

"आपण कोण?"

"बहीण. इस्पितळात चौकशीचं काम करते. उभं आयुष्य खोटं बोलणाऱ्यांशी बोलण्यात गेलंय माझं. ही दुखतंय म्हणते, तर दुखतंय. माझ्याकडे कागद नाही. लिहून घ्या, बहीण म्हणाली."

मधल्या साहेबांनी खरंच काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले, नियमाप्रमाणे या वेळी अर्ज मान्य करता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा करावा. तोवर टेबलापाशी उंच स्टूल ठेवायला हरकत नाही, काम थांबणार नसेल तर.

दोघी बाहेर आल्या. कचेरीच्या पायऱ्यांवर ताई कठड्याला धरून उभी राहिली. चौकशीबाई एक पायरी खाली उतरून थांबल्या.

"धाकटे, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"आत बोललीस ते वकिली होती, की खरंच वाटतं तुला?"

"खरंच वाटतं."

"कधीपासून?"

चौकशीबाईंना खोटं सांगता आलं असतं. पहिल्यापासून, असं म्हणता आलं असतं, आणि ताईने ते मानूनही घेतलं असतं. भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरणारी सिस्टर त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"दाखल्याशिवाय? परवापासून," त्या म्हणाल्या.

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"बरं," ताई म्हणाली, आणि हात पुढे केला.

चौकशीबाईंनी तो धरला. किती घट्ट धरला तर तिला दुखेल हे आपल्याला ठाऊकच नाही, असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते ताईला विचारलं.